एक घर डावीकडं

रत्नपारखी सरांनी आमच्या कॉलेजात पाच वर्षं शिकवलं, पण फळ्यावर कधी एक अक्षर लिहिलं नाही. खडू हातात घेत, टेबलावर उभा करून ठेवत, पुन्हा उचलत, आणि तास संपला की तोच अख्खा खडू शर्टाच्या खिशात टाकून निघून जात. खिसा कायम पांढरा. चित्रकलेच्या कॉलेजात आलेला हा पहिलाच मास्तर, ज्याला चित्र काढताना कुणी बघितलेलं नाही, असं मी स्टाफरूममध्ये चारचौघांत हसून म्हणायचे. आता ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

आमचं कॉलेज औरंगपुऱ्यात, खाली साड्यांचं दुकान आणि वर आम्ही. मी तिथे रेखाटन शिकवत होते, अजूनही शिकवते. तेव्हा कॉलेजात तीन कॉम्प्युटर होते, त्यातले दोन चालायचे, आणि तेही वीज असेल तेव्हा. आजकालच्या पोरांना कॉम्प्युटरचं काहीतरी यायला पाहिजे, असं प्राचार्यांच्या मनात आलं आणि त्यांनी पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ आणून बसवले. आम्हाला वाटलं, फोटो कापायला, अक्षरं रंगवायला शिकवतील. पण सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की ते मशीनशी बोलायला शिकवणार. म्हणजे काय काढायचं ते मशीनला पायरी पायरीनं सांगायचं आणि चित्र मशीननं काढायचं. मला हे मुळीच पटलं नाही. मी फुलंब्रीकडची, शेतकऱ्याघरची. हातानं काम केल्याशिवाय काही होत नाही हे बघत वाढलेली. मशीनला सांगून चित्र काढायचं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवायचं, असं मी त्यांच्या तोंडावरच म्हटलं. सर हसले आणि म्हणाले, "बाई, भूक तर आपलीच असते ना?"

त्यांचा पहिला तास बघायला मी मुद्दाम दारात उभी राहिले. कॉम्प्युटर बंदच होते. सरांनी एका मुलाकडून फळ्यावर चौकटी आखून घेतल्या आणि विचारलं, "आज मशीन कोण?" कुणीच उठेना, तेव्हा त्यांची नजर माझ्याकडे आली. "शिंदे बाई, या. तुमचा हात सरळ चालतो म्हणतात."

मग त्यांनी मुलांना समजावलं. या मशीनला झाड माहीत नाही, माणूस माहीत नाही. तिला फक्त वर, खाली, डावीकडं, उजवीकडं एवढंच कळतं. किती घरं जायचं ते सांगावं लागतं, आणि पेन टेकव नाहीतर उचल म्हणावं लागतं. एक घर म्हणजे एक चौकट. आता हिच्याकडून खिडकी काढून घ्या. सोयगावकडची ज्योती नावाची मुलगी उभी राहिली आणि धीर करून सांगायला लागली. उजवीकडं चार, खाली चार, डावीकडं चार, वर तीन. ती तीन म्हणाली, मी चार गेले आणि खिडकी बंद करून टाकली.

"बाई, तिनं तीन सांगितले."

"अहो, खिडकी उघडी राहिली असती."

"राहू द्या की. उघडी राहिली तरच तिला कळंल, आपण काय सांगितलं ते. तुम्ही मेहरबानी केली. आता तिला वाटतंय, तिचं बरोबर आलं." मग मुलांकडे वळून म्हणाले, "ध्यानात ठेवा, मशीननं मेहरबानी करायची नाही. तिनं मेहरबानी केली, की आपण आंधळे झालो."

मेहरबानी हा त्यांचा शब्द. वडील निजामाच्या अमलात कारकून होते, त्यामुळे बिलकुल, फुरसत, मेहरबानी असले शब्द त्यांच्या घरात तुळशीच्या पाण्याइतके रोजचे. मला मात्र राग आला. भर वर्गात, विद्यार्थ्यांसमोर, माझ्याच फळ्यापाशी मला तोवर कधी कुणी चुकीचं ठरवलं नव्हतं. मी हात झटकून बाहेर पडले.

पण पोरांना नाद लागला. गच्चीवर, जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी एकजण हुकूम सोडतोय आणि दुसरा भिंतीवर खडूनं रेघा ओढतोय, असं दिसायला लागलं. सरांनी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला कशी सांगायची ते शिकवलं, आणि दर वेळी थोडी वेगळी कशी करवून घ्यायची तेही. त्यासाठी खिशात खडूच्या जोडीला एका बाजूनं घासलेले चिंचोके असत. चिंचोका टाकायचा. पांढरी बाजू आली तर रेघ डावीकडं, काळी आली तर उजवीकडं. त्यातून वर्गातल्या प्रत्येकाचं झाड वेगळं उगवायचं. "झाडाचा कायदा तुम्ही केला," सर म्हणायचे, "पण फांदी कुठं जाईल ते तुमच्या बापालाही माहीत नाही. याला म्हणतात चित्र." हे ऐकून मी नाक मुरडायचे खरी, पण एकदा घरी बसून चिंचोके घासले होते, हे आज कबूल करते.

सरांच्या हाताचं मला कळलं ते हजेरीपटामुळे. ते रोज सगळ्यांच्या आधी येऊन सही करत. एका सकाळी मला लवकर यावं लागलं. ऑफिसच्या दारातून बघते तो सरांनी डाव्या हातानं उजवं मनगट टेबलावर दाबून धरलेलं आणि पेनचं टोक कागदावर नुसतं नाचतंय. सही व्हायला बराच वेळ लागला. मागे फिरणार तोच त्यांनी मान न वळवता म्हटलं, "या बाई, या. मास्तरला काढताना कुणी बघितलं नव्हतं ना? आता बघितलंत."

म्हणजे माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. मी खुर्चीत बसून राहिले. त्यांनीच मग करीम मामूंना चहा सांगितला. मामू म्हणजे आमचे शिपाई. ते सरांचा कप अर्धाच भरून आणतात, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

तरुणपणी सर फर्दापूरला राहत. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला काढायचे आणि त्या तिथल्या दुकानांतून प्रवाशांना विकल्या जायच्या. कमळं, हत्ती, राजपुत्र, गिऱ्हाईक मागेल ते. पण त्यांचा जीव होता एका दासीवर. मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागे तबक घेऊन उभी असलेली मुलगी. तिच्याकडे ना गाईड बोट दाखवत, ना प्रवासी बघत. तिच्या कानामागून निघून मानेवरून खांद्यावर उतरणारी एक रेघ आहे. ती रेघ सर एका झटक्यात, पेन न उचलता काढत. "डोळे मिटूनसुद्धा यायची," ते म्हणाले. "हातालाच माहीत होती. मला कधी विचारावंच लागलं नाही."

मग हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे वाढत जाणार हेही सांगितलं. इतर सगळं गेलं तरी चालेल, पण ती रेघ जाऊ द्यायची नाही, असं सरांनी ठरवलं. हात काढणार नसेल तर सांगून काढायची. म्हणून भाच्याचा जुना कॉम्प्युटर घेऊन पन्नाशीत ते हे सगळं शिकले. टाइप करतानाही बोट थरथरायचं आणि एकेक अक्षर दोनदा, तीनदा उमटायचं. मशीन ते घ्यायची नाही. सर खूश होऊन म्हणायचे, "बघा! कुणाचीच मेहरबानी करत नाही."

त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही. उलट मीच त्यांची नेहमीची मशीन झाले. त्यांना काही पडताळून बघायचं असलं की वर्गातून हाक यायची, "शिंदे बाई, फुरसत आहे का?"

त्याच सुमाराला दुष्काळ पडला. जायकवाडी आटलं, हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळायला लागली. नळाला पाणी आठ-आठ दिवस येईना. आणि गंमत अशी की शहर मात्र वाढतच होतं. जिकडेतिकडे नव्या इमारती, त्यांच्यासाठी टँकर, आणि टँकरच्या मागे हंडे घेऊन पळणारी माणसं. खेड्यातून आलेली आमची पोरं खोल्या सोडून परत जायला निघाली. ज्योतीही पिशवी भरून सांगायला आली, "सर, घरी पाणी नाय म्हणून इथं आले, तर इथं बी नाय. मग चित्रं काढून काय करू?"

सर म्हणाले, "दोन महिने थांब. चित्र काढूच नको. फक्त बघ. नळ आला त्या दिवशी एक गोल, नाही आला तर जागा मोकळी. एवढंच लिहून ठेव."

सगळ्या वर्गानं आपापल्या गल्लीची अशी नोंद ठेवली आणि मशीनकडून तिचं चित्र काढून घेतलं. एका आडव्या ओळीत एक गल्ली. आम्ही तो लांबलचक कागद जिन्यात लावला. जवळजवळ सगळा कोरा, मधूनच एखादा निळा गोल. प्राचार्य चष्मा पुसून गेले. करीम मामू मात्र केरसुणी टेकवून उभे राहिले.

"सर, इसमें तो कुछ बी नहीं है."

"बिलकुल, मामू. वहीच है इसमें."

मामू ओळी बघत सरकले आणि एका गोलापाशी थांबले. ज्योती त्यांच्याच गल्लीत हर्सूलला राहायची. "ये हमारी गली है ना? इस रोज पानी आया था. बेटी की मंगनी थी. भूलूँगाच नहीं." त्यांनी त्या गोलावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी जिन्यात खालच्या पायरीवर उभी होते. इतकी वर्षं रेखाटन शिकवतेय, पण माझ्या कुठल्या चित्रावर कुणी असा हात ठेवलेला मला आठवत नाही. ज्योतीनं परत जायचा विचार सोडला तो तिथेच.

पुढे सरांची रेघ टाइप करायचं काम ज्योतीकडे आलं. सर सांगायचे, ती लिहायची, मशीन काढायची आणि सर मान हलवायचे. असं शेकड्यांनी झालं असेल. दिसायला रेघ सुरेख यायची, गुळगुळीत, कानामागून खांद्यापर्यंत. "झोपलीय," सर म्हणायचे. "ती मुलगी तबक घेऊन उभीय, बाई. दमलीय, पण उभीय. ही तर झोपलीय." ज्योती माझ्याकडे येऊन कुरकुरायची, "मॅडम, सर लई हट्टी हायेत. मला तर समद्या सारख्याच दिसत्यात." मलाही सारख्याच दिसायच्या.

एकदा आम्ही मुलांची सहल अजिंठ्याला नेली. लेण्यात अंधुक उजेड, कठड्यापलीकडे भिंत. सर त्या दासीसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हवेत बोट धरून रेघ गिरवायला सुरुवात केली. पण बोट इतकं थरथरत होतं की ते कुठे चाललंय हे त्यांचं त्यांनाच कळेना. रखवालदार ओरडला, "बाबा, हात मागं घ्या. भिंतीला लावायचा नाही."

"लावत नाही हो," सर म्हणाले. "हा आपला आपण हलतो."

मुलं हसली. सरही हसले. परतीच्या बसमध्ये फर्दापूर मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथं कायतरी आहे, बाई. मानेच्या खाली. हाताला ठाऊक होतं, त्यानं मला कधी सांगितलं नाही. आता तो काही सांगायच्या लायकीचा राहिला नाही." मी त्यांना एक पेरू कापून दिला.

पाचव्या वर्षी त्यांना जिना चढवेना आणि त्यांनी कॉलेज सोडलं. ज्योती पुण्याला नोकरीला लागली. मी अधूनमधून हर्सूलच्या पुढे त्यांच्या घरी जायचे. दर वेळी वाट चुकायचे, कारण दर वेळी एखादी नवी इमारत उठलेली असायची. सरांचा आवाजही बसत चालला होता. त्या आजारात आवाज असा आतल्या आत जातो म्हणे. पुढे पुढे तर तोंडाशी कान नेल्याशिवाय ऐकू येईना.

एका उन्हाळ्यात सरांच्या पत्नीचा, वहिनींचा फोन आला. "सर म्हणताहेत, सापडलं. शिंदे बाईंना बोलवा म्हणतात. सकाळपासून धोशा लावलाय."

मी लगेच निघाले. दारातच वहिनींनी मला बाजूला घेतलं. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "फार मनावर घेऊ नका हं. आताशा काहीबाही बोलतात. डावं-उजवं सुद्धा उमजत नाही. काल डाव्या पायात उजवी चप्पल घालून बसले होते."

सर खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसले होते. फारच वाळले होते, पण डोळे लहान मुलासारखे लकाकत होते. मी चौकटीचा कागद फळीवर लावला आणि जवळ बसले. ते काहीतरी पुटपुटले. मी कान नेला.

"आज मशीन कोण?"

"मी, सर."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. एकेक शब्दाला मध्ये केवढी तरी विश्रांती. खाली दोन. मी ठिपका दिला. उजवीकडं एक, खाली दोन. खाली दोन. मानेचा उतार संपत आला. आता रेघ खांद्याकडे वळणार, म्हणजे उजवीकडे, हे ज्योतीच्या त्या शेकडो रेघा बघून मला पाठ झालं होतं. सर थांबले. डोळे मिटले. आणि म्हणाले, "डावीकडं एक."

मी स्पष्ट ऐकलं. पण मला वहिनींनी सांगितलेली ती चप्पल आठवली. या माणसानं आयुष्यभर जीव लावलेली रेघ आता त्याच्याच तोंडून वाकडी निघतेय, असं मला वाटलं. मी ठिपका उजवीकडे दिला. पुढचे सगळे ठिपके त्यांनी सांगितले तसे दिले, एका दमात जोडले, आणि कागद त्यांच्यासमोर धरला. रेघ फार सुरेख आली होती.

सर बघत राहिले. डोळ्यांतली लकाकी हळूहळू विझलेली मी बघितली.

"मानेच्या खाली... मी काय सांगितलं?"

"उजवीकडं एक, सर," मी म्हणाले.

"व्हय?" ते म्हणाले. मग, मला जेमतेम ऐकू येईल असं, "मग गेलं म्हणायचं."

मी त्यांना म्हटलं, किती छान आलीय, ज्योतीला पाठवू या. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. महिन्याभरात सर गेले.

त्यांचा तास आता मी घेते. दोन वर्षांनी पुन्हा मुलांची सहल घेऊन अजिंठ्याला गेले, तेव्हा सरांचाच खेळ लावला. एकीनं भिंतीकडे बघून सांगायचं, दुसरीनं भिंतीकडे पाठ करून कागदावर काढायचं. एका मुलीला मी मुद्दाम ती दासी दिली. कोण, कुठली, काही सांगितलं नाही. ती कठड्याला टेकून सांगत होती, मी मागे उभी होते. खाली दोन, खाली दोन. मग ती अडली.

"मॅडम, इथं रेघ जराशी डावीकडं जाते."

"नीट बघ," मी म्हणाले.

"नीटच बघतेय. एक घर डावीकडं जाते, मग खांद्याकडं वळते. तबकाचं वजन आलंय ना तिच्यावर, म्हणून मान जरा दबलीय."

मी पुढे होऊन बघितलं. एकदा दिसल्यावर ते दिसतच राहिलं. ती मुलगी दमली होती, पण उभी होती. सरांना सापडलं होतं. हाताला जे ठाऊक होतं ते अखेर त्यांच्या तोंडात आलं होतं, त्यांनी ते बरोबर सांगितलं होतं, आणि मी मेहरबानी केली होती. ते गेले ते आपणच चुकलो असं समजून गेले. याची माफी मी आता कुणाकडे मागू?

सरांनी सांगितलेल्या रेघेचा तो कागद माझ्याकडे आहे. खोडून दुरुस्त करावा असं पुष्कळदा मनात येतं, पण करत नाही. उघडी खिडकी उघडीच राहू द्यायची असते, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सरांच्या घरून त्या दुपारी मी तो कागद गुंडाळून निघाले. दाराशी चप्पल घालताना सहज वळून बघितलं. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. बाहेर नव्या इमारतीच्या गिलाव्यावर टँकरचं पाणी मारत होते. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचं बोट चादरीवर चाललं होतं. खाली, खाली, मग जरासं डावीकडं, आणि मग लांब उजवीकडं. पुन्हा वरून. खाली, खाली, जरासं डावीकडं.

मला वाटलं, हात थरथरतोय.